जमलं तर येतो

टाकीकाकांचं कुणी कौतुक करायला लागलं, की ते पाणी प्यायच्या निमित्ताने आत जातात आणि परत बाहेर येतच नाहीत. सोसायटीतल्या मंडळींना वाटतं, केवढा निगर्वी माणूस! कसला निगर्वी अन् कसलं काय. माणूस दमलाय हो, दुसरं काही नाही. आल्यागेल्याला तेच तेच सांगायचं, समोरच्याने तेच तेच 'बापरे' म्हणायचं आणि शेवटी 'तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून जग चाललंय' असं म्हणून आपल्या घरी जेवायला निघून जायचं. जग कसं चाललंय ते काकांनी जवळून पाहिलंय, त्यामुळे त्या वाक्याचा त्यांना विशेष राग येतो.

तसं त्यांचं काम सांगायला सोपं आहे. नगरपालिकेच्या पाणीखात्यात ते फिटर होते. एकदा एका मदत संस्थेची माणसं खात्यात आली. दूरच्या कुठल्याशा देशात लढाई पेटली होती, लोक घरदार सोडून माळावर येऊन बसले होते आणि पंप चालवणारी माणसं हवी होती. साहेबांनी विचारलं, "कोण जातंय?" सगळ्यांनी एकदम आपापल्या चहाच्या कपात पाहिलं. काकांचा चहा नेमका संपला होता, म्हणून ते वर बघत होते. काका स्वतः तरी असंच सांगतात. तेव्हापासून ते जात राहिले, आधी बिनपगारी रजा काढून, मग नोकरीच सोडून. कधी लढाई, कधी भूकंप, कधी पूर. देश बदलायचे, काम तेच.

मोकळ्या जागेत एक भली मोठी रबरी पिशवी पसरायची. भरली की ती खोलीएवढी फुगते, तीच टाकी. ओढ्याचं नाहीतर टँकरचं पाणी पंपाने तिच्यात चढवायचं, गढूळ असेल तर तुरटी, मग क्लोरीन, मग खाली नळांची रांग. चिमुकल्या नळीत पाणी घेऊन गोळी टाकायची. पाणी गुलाबी झालं की क्लोरीन पुरेसं आहे, प्यायला हरकत नाही. त्या गुलाबी रंगाची वाट बघत माणसं उभी असतात. पंपात हवा अडकली की काका चिखलात आडवे होऊन पाइपमधली हवा तोंडाने ओढून काढायचे. गुडघे गेले ते तिथेच. गुडघ्यांचं त्यांना एवढं वाईट वाटत नाही, झोप गेली त्याचं वाटतं. घरी आल्यावर शेजारी कुणी नळ चालू ठेवून दात घासत असला, तरी त्यांना अंथरुणावर पडवत नाही. उठून भिंतीला कान लावून उभे राहतात, नळ बंद होईपर्यंत.

तर पहिल्याच छावणीत त्यांना एक नियम शिकवला गेला. तिथला मुख्य माणूस उंच, पूर्ण टकला आणि अतिशय कमी बोलणारा होता. सगळे त्याला मागून 'टकल्या' म्हणत, आणि ते त्याला माहीत होतं. टकल्याने सांगितलं, लोकांना 'उद्या' म्हणायचं नाही. कधीच नाही. कुणी कितीही विचारलं, हात धरला, पायाशी बसलं, तरी नाही.

काकांना वाटलं, काय हा दगड माणूस! मग टकल्याने पाइपचा नट आवळता आवळता कारण सांगितलं. आधीच्या मोहिमेत एका भल्या पोराने रस्त्याच्या टोकाला राहिलेल्या कुटुंबांना सांगून टाकलं होतं, "उद्या टँकर येतोय, नक्की." त्याच संध्याकाळी गोळीबार सुरू झाला आणि रस्ता बंद पडला. दुसऱ्या बाजूने ट्रक आले होते, माणसांना मोठ्या छावणीत हलवायला. आजूबाजूचे सगळे चढून गेले. ही कुटुंबं गेली नाहीत. उद्या पाणी येणारच आहे, मग म्हाताऱ्याकोताऱ्यांना कशाला हलवायचं? त्यांनी नळापाशी रिकामे कॅन रांगेत लावले आणि बसून राहिली. टँकर दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्याही दिवशी आला नाही. मग ती चरातलं पाणी प्यायली. लहान पोरं आधी गेली.

एवढं सांगून टकल्याने मोठ्या पान्यासाठी हात पुढे केला. काकांनी पाना दिला. त्यानंतर नियमाबद्दल काही विचारायची त्यांना गरज वाटली नाही.

त्यांचं बोलणं ठरून गेलं. "आत्ता पाणी आहे, भरून घ्या. पुढचं जमलं तर." चार देशांच्या चार भाषांत त्यांना हे वाक्य येतं, बाकी त्या भाषांतलं ओ की ठो कळत नाही. आणि नियम खोटा नव्हता. ज्यांना कुणी शब्द दिला नाही, ती माणसं आपली सोय आपण बघतात. विहीर शोधतात, दुसऱ्या वाटेने निघतात, नातेवाईक गाठतात. काकांनी हे इतक्या ठिकाणी पाहिलं, की तो नियम त्यांच्या अंगात भिनला.

आता अंगात भिनलेली गोष्ट दाराबाहेर चपलांबरोबर काढून ठेवता येते थोडीच? ती घरात आली. मुलीचं शाळेतलं नाटक, "जमलं तर येतो." मेव्हण्याचं घर बघायला जायचं, "जमलं तर येतो." दात काढायला डॉक्टरकडे जायचं, स्वतःचा दात, तरी "जमलं तर." बायको हसून म्हणायची, "लग्नाला तरी पक्कं हो म्हणाला होतात का, की तेव्हाही आमच्या वडिलांना हेच सांगितलं होतंत?" गंमत म्हणजे जमत असेच. देशात असले की काका बहुतेक वेळा पोचायचेच, थोडे उशिरा, मागच्या खुर्चीवर. पण आधी शब्द म्हणून द्यायचा नाही. त्यांना वाटायचं, यात सगळ्यांचं भलंच आहे, कुणाची निराशा होत नाही.

बायको गेली तेव्हा ते एका पुराच्या मुलखात होते. आजारी होती, पण इतकी असेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. फोनवर तिने विचारलं, "येताय ना?" पूल वाहून गेला होता, विमानतळ बंद होता. काका म्हणाले, "जमलं तर निघतो." जमलं नाही. ते घरी पोचले तेव्हा भेटायला येणारी माणसंसुद्धा येऊन गेली होती, आणि मुलीने आईचं कपाट आवरून ठेवलं होतं. त्यांनी खोटा दिलासा दिला नव्हता हे खरंच होतं. हे स्वतःला सांगून सांगून ते थकले.

आणि इथे मला काकांचा राग येतो, तो सांगूनच टाकते. जगात एकच बाई अशी होती जिला काका कधी 'जमलं तर' म्हणाले नाहीत, ती म्हणजे संस्थेच्या ऑफिसातल्या मॅडम. त्यांचा फोन आला की, "कधीचं विमान?" बस्स. गुडघे दुखोत, ताप असो, घरात कुणी असो नसो. प्रत्येक वेळी परत आल्यावर म्हणायचे, "झालं, आता हे शेवटचं." बॅग मात्र पलंगाखालून कधी माळ्यावर गेली नाही.

यंदा मुलगी घरी आली होती. तिला घरात बबडी म्हणतात. बँकेत मोठ्या टेबलावर बसते, चार माणसं हाताखाली आहेत, तरी बबडीच. जावई जहाजावर, बाळ झाल्यावर महिन्याभराने किनाऱ्याला लागणार. म्हणून शेवटचे आठवडे तिने वडिलांच्या घरी काढायचे ठरवले. रक्तदाब वरखाली होत होता. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की जरा जरी डोकं दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तडक यायचं, वाट बघत बसायचं नाही. काकांनी ते नीट ऐकून घेतलं. तेव्हापासून ते तिच्या खोलीबाहेर उगाच येरझाऱ्या घालायचे, आणि तिने दार उघडलं की वर्तमानपत्र शोधतोय असं दाखवायचे.

अशात एका सकाळी मॅडमचा फोन आला.

"काका, फार वाईट परिस्थिती आहे," मॅडम म्हणाल्या. "नदीपलीकडून माणसं येतच आहेत. टाक्या पोचल्यात, पंप पोचलेत, पण चालवायला माणूस नाही. परवाचं विमान आहे. निघताय ना?"

काका खिडकीशी उभे होते. खाली कुणीतरी बादलीने गाडी धूत होतं. त्यांना दुसरंच दिसत होतं, तिथला माळ, कॅनची रांग, तोंड सुकलेली माणसं. तोंडाशी 'कधीचं विमान' आलंच होतं.

"नाही," ते म्हणाले.

"हॅलो? आवाज तुटतोय, काका."

"आवाज नाही तुटत. मी येत नाहीये. मुलगी बाळंत व्हायचीय."

मॅडमचा सूर उतरला. मग हळूच म्हणाल्या, "हो हो, बरोबर आहे. बघते मी दुसरं कुणी." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. काकांनी फोन ठेवला. नाही म्हणण्यात मोकळं वाटेल असं त्यांना कधी वाटलंही नव्हतं, पण एवढी लाज वाटेल असंही वाटलं नव्हतं. तिकडे लोक ताटकळणार आणि आपण इथे चहा पिणार, हे त्यांना सहन होईना. पण त्याच वेळी, त्या लाजेच्या तळाशी, बऱ्याच वर्षांत न वाटलेला थोडा आनंदही होता. आता पोरीला जाऊन सांगायचं. आयुष्यात पहिल्यांदा, सरळ, पक्कं.

बबडी पलंगावर बसून बाळाची दुपटी घडी करत होती. काका दारात उभे राहिले आणि घसा साफ केला.

"मॅडमचा फोन होता. मी नाही सांगितलं. मी कुठेही जात नाहीये. दवाखान्यात तुझ्याबरोबर मीच असणार. नक्की."

बबडीच्या हातातलं दुपटं तसंच राहिलं. तिच्या चेहऱ्यावर आनंद दिसेल म्हणून काका बघत होते. तिथे होता तो गोंधळ.

"अहो, पण कशाला?" ती म्हणाली. "मी सगळं ठरवलंय, बाबा. शेजारच्या काकू माझ्याबरोबर आत थांबणारेत. कोपऱ्यावरच्या गाडीवाल्याला सांगून ठेवलंय, केव्हाही हाक मारली की येईल. काकूंची सून डबा देणार. बँकेतली मैत्रीण पहिले दोन दिवस झोपायला येणार. तुम्ही उगीच नाही म्हणालात."

"अगं, पण मी इथे असताना..."

"तुम्हाला धरलंच नव्हतं हो मी," बबडी म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर काकांनी तो आनंदाने झेलला असता. ती त्यांची समजूत घालत होती. "म्हणजे वाईट नका वाटून घेऊ. आईनेच सवय लावली. लहान असताना मी दारात बसून राहायचे ना, तर ती म्हणायची, बाबा 'जमलं तर' म्हणालेत ना, मग आपण जेवून घ्यायचं. आले तर आले. वाट बघायची नाही म्हणजे त्रास होत नाही. खरंच नाही होत, बाबा. मला तुमचा कधी त्रास झाला नाही."

काका पलंगाच्या कडेवर टेकले.

"आणि असं 'नक्की' वगैरे नका म्हणू," बबडी दुपटं परत उलगडत म्हणाली. "तुमच्या तोंडून ऐकलं की धडकीच भरते. मग मी वाट बघत बसेन, आणि आत्ता मला ते झेपणार नाही. तुम्ही जा ना. त्या लोकांना खरी गरज आहे. इथे सगळी सोय झालीय."

बघा. चार देशांत जे शिकवलं ते घरच्या पोरीने काय सुंदर गिरवलं होतं! कुणावर विसंबली नव्हती, आपली विहीर आपण शोधली होती. काका उठले, बरं म्हणाले आणि बाल्कनीत जाऊन बसले. त्यांना रडू येत होतं, पण रडायलाही अंगात जोर लागतो.

दुपारी मॅडमचा पुन्हा फोन आला. दुसरं कुणी मिळालं नव्हतं. "काका, अगदी दहा दिवस तरी?" आता तर अडचणही नव्हती. पोरगी स्वतः जा म्हणत होती, घरात त्यांचं काही काम नव्हतं, आणि तिकडे होतं. निघाले असते तर कुणी नावं ठेवली नसती, उलट पेपरात फोटो आला असता. काकांनी पलंगाखालच्या बॅगेकडे पाहिलं.

"नाही जमणार, मॅडम."

"मुलीला नाही ना सोडवत? कळतं मला."

"तिला काही गरज नाही माझी," काका म्हणाले. "तरी नाही जमणार."

हे मॅडमना कळलं नाही. काकांनाही समजावून सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता बबडी म्हणाली, "डोकं ठणकतंय, आणि समोर चमचम दिसतंय." काका उठेपर्यंत तिने काकूंना हाक मारलीही होती. काकू म्हणजे तोफ. आल्या, गाडीवाल्याला बोलावलं, पिशवी उचलली, बबडीला हाताला धरून जिना उतरवलं आणि वर बघून ओरडल्या, "अहो टाकीवाले, येणार असाल तर चपला घाला, नाहीतर दार लावून घ्या!" काका एक चप्पल पायात आणि एक हातात घेऊन धावले.

दवाखान्यात आत एकालाच सोडत होते. बबडीने वळून "काकू!" म्हटलं आणि काकू आत गेल्या. ते आपोआप झालं, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. काका बाहेरच्या बाकावर बसले, काकूंनी सोपवलेली पिशवी मांडीवर घेऊन. बाक पत्र्याचा होता आणि समोर पिण्याच्या पाण्याची टाकी होती, तिचा नळ ठिबकत होता. एरवी त्यांनी खिशातून पाना काढला असता. आज त्यांना उठवेना.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. नर्स आत-बाहेर करत होत्या. एकदा डॉक्टरीणबाई भराभर चालत आत गेल्या आणि दार आपटून बंद झालं. काकांनी ज्या मुलखात माणसं मरताना पाहिली होती, तिथेही त्यांना कधी इतकी भीती वाटली नव्हती. तिथे हातात पाइप असायचा. इथे हातात दुपट्यांची पिशवी होती.

मग काकू बाहेर आल्या, घामाघूम.

"ऑपरेशन करायचं म्हणतायत. प्रेशर उतरत नाहीये."

"तिला सांगा, मी बाहेर बसलोय," काका उभे राहत म्हणाले. "सांगा, मी हलणार नाही इथून."

काकूंनी पदराने कपाळ पुसलं. "मी नाही सांगणार."

"का?"

"टाकीवाले, तुमचा फोन वाजला आणि तुम्ही उठून गेलात, तर आत तोंड कुणी दाखवायचं? मी!" काकू म्हणाल्या. "राहायचंय तर राहा. निरोप कशाला पाहिजे?" आणि त्या परत आत गेल्या.

काका बसले. काकूंचं काही चुकलं नव्हतं. कुणी त्यांच्याकडून शब्द घेणार नव्हतं, आणि त्यांच्याकडे दुसरं द्यायला काही नव्हतं, एक बसणं सोडून. खिशात फोन एकदा वाजला. त्यांनी तो न बघताच बंद केला. कॅंटीनवाल्याने विचारलं, चहा देऊ का? नको म्हणाले. गुडघे आखडले, कंबर भरून आली, डोळे मिटायला लागले. बाथरूमला जायचं होतं तरी ते उठले नाहीत. नेमकं तेवढ्यात दार उघडलं तर? त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कुणाची तरी वाट बघावी लागत होती, आणि वाट बघणं हे किती कष्टाचं काम आहे ते त्यांना आत्ता कळत होतं. पोरीला लहानपणी यातून सोडवलं असं ते समजत होते. तिने ते दारात बसून आधीच पुरतं भोगलं होतं, आणि मगच सोडलं होतं.

उन्हं कलली तेव्हा दार उघडलं. आधी काकू आल्या, मान हलवत हसत होत्या. मुलगी झाली होती. मग स्ट्रेचरवरून बबडीला बाहेर आणलं. चेहरा पांढराफटक, ओठ सुकलेले, डोळे अर्धवट मिटलेले. बाकाच्या कडेला धरून काका उभे राहिले. नर्सने बाजूला व्हा म्हटलं. त्या आवाजाने बबडीने डोळे उघडले. तिची नजर भिंतीवरून, काकूंवरून फिरत फिरत त्यांच्यावर आली आणि तिथेच थांबली.

"बाबा," ती म्हणाली. आवाजात आश्चर्य होतं, लपवायचं त्राण नसलेलं, अगदी खरं आश्चर्य. "तुम्ही अजून आहात?"

"आहे," काका म्हणाले, आणि पिशवी उचलून स्ट्रेचरच्या मागून चालू लागले.